नव्या गाडीला सिरॅमिक कोटिंग: आधी पाणी तपासा, मग बाटली निवडा

दसऱ्याला घेतलेली गडद निळी एसयूव्ही, घर इंदूरच्या सुदामानगरला, रोजचं जाणं-येणं पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि गाडी धुवायला घरचं बोरिंगचं पाणी. शोरूमवाले ३५ हजारांत '९एच सिरॅमिक' (रंगावर लावायचा, पक्का होऊन पातळ कडक थर बनणारा द्रव) लावून देतो म्हणतात, वर ५ वर्षांचं वॉरंटी कार्ड. भाच्याचं म्हणणं, अडीच हजारांची बाटली मागवू आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी घरीच लावू. यातलं काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इंदूरमध्ये हेच काम करतो, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं मागून. कोटिंग करून घ्या, तुमच्या गाडीला त्याचा उपयोग होईल. शोरूमचं पॅकेज घेऊ नका. घरीही लावता येतं, पण पहिल्यांदाच लावणार असाल तर गडद निळ्या नव्या गाडीवर शिकू नका. आणि या सगळ्याच्या आधी बोरिंगच्या पाण्याचा बंदोबस्त करा. तो झाला नाही तर ३५ हजारांचं कोटिंग आणि अडीच हजारांचं कोटिंग, दोन्ही पहिल्याच उन्हाळ्यात सारखीच डागाळलेली दिसतील.

आधी जाडीचा हिशोब बघा, म्हणजे अपेक्षा नीट ठरतील. कारखान्यातून येणारा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. सिरॅमिकचा थर पक्का झाल्यावर एक-दोन मायक्रॉन उरतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढ्या पातळ थरानं काय होतं? ऊन, कबुतरांची घाण, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे यांचा मार आधी त्या थरावर पडतो, क्लिअर कोटवर उशिरा पोहोचतो. धूळ कमी चिकटते आणि धुताना लवकर सुटते. रंगाला खोली येते, गडद रंगावर तर ती लगेच जाणवते. काय होत नाही? खडी लागून उडणारे टवके थांबत नाहीत, पार्किंगमध्ये शेजारच्या दारानं पडणारा पोचा थांबत नाही, किल्लीचा ओरखडा थांबत नाही. जो कोणी थांबतो म्हणून सांगेल त्याच्याकडून गाडीचं कुठलंच काम करून घेऊ नका.

ते '९एच' पेन्सिलीचं माप आहे. ९बी ते ९एच अशा वाढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबानं थरावर ओढतात. ९एचनंही चरा पडला नाही की तो थर ९एच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कडक. त्यामुळे धुळीनं भरलेल्या बोनेटवरून कोरडं फडकं फिरवलं तर ९एच असूनही चरे पडतात.

शोरूममध्ये कदाचित 'टेफ्लॉन'ही सुचवतील. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि भांड्यावर बसवताना त्याहून जास्त तापवावं लागतं. रंगवलेल्या गाडीवर एवढी उष्णता देणं शक्यच नाही. त्या नावानं जे लावतात ते पॉलिमर सीलंट असतं. वाईट नाही, पण काही महिन्यांचंच काम. कार्नोबा मेण त्याहून कमी टिकतं, आणि ग्राफीन (कार्बनचा एक प्रकार) घातलेल्या कोटिंगच्या नावावर जास्तीचे पैसे मोजण्याइतका फरक मला तरी कामात दिसलेला नाही.

आता पाणी, कारण तुमच्या बाबतीत खरा प्रश्न हाच आहे. आपल्या माळव्याखाली बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून झिरपत बोरिंगमध्ये येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. घरातल्या गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर जमतो, तोच गाडीवर जमतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जे पाणी आपण बिनघोर पितो ते गाडीला डाग पाडू शकतं. धुतल्यावर गाडीवर नुसतं अर्धा लिटर पाणी राहिलं आणि ते उन्हात सुकलं, आणि त्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ६०० असेल, तर ३०० मिलिग्रॅम क्षार रंगावर बसले. एका धुण्यात एवढं, मग वर्षभराचं किती ते बघा.

यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण नीट समजून घ्या. कोटिंगमुळे हे डाग कमी होत नाहीत, अधिक ठळक होतात. साध्या रंगावर पाणी पसरतं, क्षार पातळ पसरून बसतात. कोटिंगवर पाणी गोल मण्यासारखं उभं राहतं. मणी आटत आटत लहान होतो, सगळे क्षार त्याच्या पायाशी गोळा होतात, आणि सुकल्यावर तिथे पांढरी कड असलेलं गोल वर्तुळ राहतं. दोन-तीन दिवसांत काढलं तर निघतं. मे महिन्याच्या उन्हात तसंच राहिलं तर ते थरात उतरतं, मग पॉलिश केल्याशिवाय जात नाही. माझ्याकडे 'कोटिंग खराब निघालं' म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांतल्या पुष्कळांचं कोटिंग शाबूत असतं, वर फक्त बोरिंगच्या पाण्याची नक्षी असते.

उपाय अवघड नाहीत. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. टीडीएस म्हणजे कठीणता नव्हे, पण अंदाज येतो. एकदा बोरिंगचं आणि एकदा नर्मदेच्या नळाचं पाणी मोजा. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी बहुतेक कॉलन्यांत बोरिंगपेक्षा बरंच हलकं असतं. साबणाचं काम बोरिंगवर झालं तरी चालेल, शेवटची बादली मात्र नर्मदेची ठेवा आणि गाडी सावलीत लगेच कोरडी करा. त्याहून चांगलं पाणी हवं असेल तर एसीच्या नळीतून गळणारं साठवा. ते हवेतला ओलावा गार होऊन जमलेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र गाडीवर कधीच टाकू नका. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनं अनेक घरांत हे करतात. पण त्या नळीत आरओनं बाजूला काढलेले क्षार असतात, म्हणजे ते पाणी मूळ बोरिंगपेक्षाही जड. ते फरशी पुसायला वापरा. सॉफ्टनर बसवला असेल तर एवढंच लक्षात ठेवा की तो कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो. टीडीएस तेवढाच राहतो, डागही पडतात, फक्त ते पुसले की जातात. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, गार पत्र्यावर, सावलीत दोन-तीन मिनिटं ठेवून धुतले की निघतात. तापलेल्या बोनेटवर व्हिनेगर लावू नका.

पाण्याचं झालं की तयारी. कोटिंगच्या कामातला बहुतेक वेळ इथे जातो आणि शोरूममध्ये कमी पडतो तो नेमका हाच वेळ. डिलिव्हरीच्या गर्दीत गाडी धुतली, पुसली, बाटली लावली, कार्ड दिलं, असं बहुतेक ठिकाणी चालतं. कोटिंगखाली जे असेल ते तसंच बंद होतं. पोपडे न खरवडता भिंतीला महाग रंग दिला तर जे होईल तेच इथे होतं.

नवीन गाडीला तयारी कशाला, हा प्रश्न हमखास येतो. तुमची गाडी कारखान्यातून निघून ट्रेलरवर किंवा रेल्वेनं आली, मग उघड्या यार्डात उभी राहिली, मग शोरूममध्ये रोज कुणीतरी ती पुसली. धुतलेल्या बोनेटवरून, हातावर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवून बोटं फिरवा. बोटांना खरखर लागेल. ते डोळ्यांना न दिसणारे, रंगात रुतलेले कण असतात. त्यांत ब्रेकच्या घर्षणातून उडालेलं लोखंड बरंच असतं, आणि ट्रकांच्या मागून पीथमपूरला जाणाऱ्या गाडीवर ते रोज नव्यानं बसतं. यासाठी आयर्न रिमूव्हर मारतात. त्याचा वास कुजक्या अंड्याचा, पण काम बघण्यासारखं. दोन-तीन मिनिटांत दाराच्या खालच्या भागातून आणि चाकांवरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. लोखंड विरघळतं तसा तो रंग येतो. पांढऱ्या गाडीवर ठिपके दिसतात, तुमच्या निळ्यावर ओघळच दिसतील. सुकू न देता धुवायचं.

मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, चिकट वडी. भरपूर साबणपाणी मारून, अजिबात दाब न देता, सरळ रेघांत फिरवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज करतो. कण निघून गेले की हातातला सूर बदलतो आणि तो नुसता घसरायला लागतो. तो जमिनीवर पडला तर उचलून पुन्हा वापरायचा नाही, टाकून द्यायचा. त्यात अडकलेला एक खडा सगळ्या दारावर रेघ ओढू शकतो.

यानंतर पॉलिश. इथे कारागीर निवडताना सावध राहा. आपल्याकडे 'रबिंग' या नावाखाली एकाच अक्षावर फिरणारं जड बफिंग मशीन आणि भरड कंपाऊंड चालतं. त्यानं चमक येते, पण ट्यूबलाइटखाली बघितलं तर गडद रंगावर पंख्यासारख्या पट्ट्या उमटलेल्या दिसतात. नव्या गाडीला डीए मशीन (फिरता फिरता डोलणारं, दुहेरी गतीचं), मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा एक हात पुरतो. अशा एका हातात क्लिअर कोट फार तर एखाद-दोन मायक्रॉन जातो. भरड कंपाऊंडनं वारंवार घासाल तर ३५-५० मायक्रॉनची पुंजी लवकर संपेल आणि ती परत भरता येत नाही. म्हणून कारागिराकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का ते बघा, आणि बोनेटच्या कडा, दाराच्या घड्या यांना तो टेप लावतो का तेही बघा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून सगळी गाडी पुसायची, कारण पॉलिशमधलं तेल राहिलं तर कोटिंग रंगाला धरतच नाही, तेलाला धरतं आणि पहिल्या काही धुण्यांत तेलाबरोबर निघून जातं.

लावणं त्यामानानं थोडक्यात होतं, पण चुकलं तर दुरुस्ती महाग. हातमोजे आणि मास्क घालून, छोट्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या मऊ कापडावर काही थेंब घ्यायचे. बोनेटचा दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा धरायचा, आधी आडवे हात, मग उभे. मग हात थांबवून तिरप्या उजेडात बघत राहायचं. ओल्या थरावर आधी काचेसारखी चमक असते, मग त्यात पाण्यावरच्या तेलासारखे इंद्रधनुषी रंग उमटतात आणि थर बारीक बारीक थेंबांत आकसायला लागतो. पुसायची वेळ हीच. पहिल्या मायक्रोफायबरनं जादाचा द्रव उचलायचा, दुसऱ्या कोरड्यानं समतल करायचं. लवकर पुसलं तर सगळंच निघून येतं. उशीर झाला तर गडद चट्टे राहतात, त्यांना आम्ही 'हाय स्पॉट' म्हणतो. ते तासाभरात दिसले तर थोडं ताजं कोटिंग वर चोळून सुटतात. दुसऱ्या दिवशी दिसले तर मशीनच लावावं लागतं. गडद निळ्यावर ते दूरवरून दिसतात, म्हणून मी भाच्याला तुमच्या गाडीवर शिकू नको म्हणतो. घरात जुनी पांढरी गाडी असेल तर तिच्यावर जरूर हात बसवावा, मला आनंदच होईल. वापरलेली फडकी मात्र धुऊन पुन्हा वापरू नयेत. त्यांत मुरलेलं कोटिंग कडक होतं आणि पुढच्या वेळी तीच गाडीला ओरखडतात.

दिवाळीनंतरची वेळ तुम्ही चांगली निवडली आहे. कोटिंग हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते इतक्या लवकर पकडतं की पुसायला सवड मिळत नाही. मे महिन्यात पत्रा तापलेला आणि हवा कोरडी, विद्रावक झटकन उडतो आणि थर वरून सुकल्यासारखा वाटला तरी पक्का व्हायला वेळ घेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सौम्य हवेत काम आरामात होतं. एकच धोका, रात्रीचं दव. लावल्यापासून पहिले २४ तास गाडीला पाण्याचा थेंब लागता कामा नये, म्हणून पहिली रात्र गाडी छपराखाली, कव्हर न घालता ठेवा. पहिला आठवडा शांपू टाळा. मध्ये कबुतरानं घाण केलीच तर चोळू नका. ओलं मऊ कापड वर ठेवा, ती भिजू द्या, मग अलगद उचला.

पीथमपूरच्या रस्त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. रोज ट्रकांच्या मागे जाणाऱ्या गाडीच्या बंपरला आणि बोनेटच्या पुढच्या कडेला खडी लागणारच, आणि तिथे सिरॅमिकचा काही इलाज नाही. तिथे पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म लागते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म असते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हानं आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीला लावायचा खर्च मोठा आहे आणि तुमच्या वापराला तो गरजेचा नाही. पुढचा बंपर, बोनेटचा पुढचा भाग, आरसे आणि दाराच्या हँडलमागच्या खोलगट जागा, एवढ्याला लावा. आधी फिल्म, मग कोटिंग, हा क्रम पाळा, कारण कोटिंगच्या गुळगुळीत थरावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. या पैशांसाठी सिरॅमिकमध्ये साधी बाटली घ्यावी लागली तरी घ्या.

सकाळी कॉलनीतल्या गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाशीही बोला. एका बादलीत पंधरा गाड्यांची धूळ, तेच फडकं, रोज. गडद गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती इथून येतात. त्याचे पैसे कापू नका. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगा आणि पगार तोच ठेवा. तुमच्या दोन बादल्या, तुमचा पीएच न्यूट्रल शांपू आणि मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) त्याला द्या. आधी नुसत्या पाण्यानं धूळ उतरवायची, मग वरून खाली मिट फिरवायचा, चाकांना वेगळं कापड. एकदा शेजारी उभं राहून दाखवलंत तर तो मन लावून करेल, हा माझा अनुभव आहे. रंगपंचमीला राजवाडा-टोरी कॉर्नरकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, तिकडे गाडी नेऊच नका. गेरीचा रंग उडालाच तर कोरडा झटकू नका, पाण्याच्या जोरानं उतरवा. काचेच्या रबरात आणि काळ्या प्लास्टिकमध्ये तो मुरतो, तिथे आधी पाणी मारा.

कुणाकडे काम द्यायचं ते ठरवताना एकच अट घाला: पॉलिश झाल्यावर, बाटली उघडायच्या आधी, मला गाडी टॉर्चच्या उजेडात बघायची आहे. चांगला कारागीर आनंदानं बोलावेल. वॉरंटी कार्डावरची, दरवर्षी पैसे भरून सक्तीनं करून घ्यायच्या सर्व्हिसची ओळही वाचून घ्या. वर्ष-दीड वर्षानं पाण्याचे मणी व्हायचे थांबले तर लगेच कोटिंग गेलं असं समजून दुसरं लावू नका. एका दारावर आयर्न रिमूव्हर मारा, धुवा, मग व्हिनेगरचं पाणी फिरवा आणि पुन्हा पाणी टाकून बघा. त्या दारावर मणी परत आले तर थर जागेवर आहे, बाकीची गाडीही तशीच साफ करून घ्या.